आधी रंग, मग माग: बिल्डमधल्या पायऱ्यांचा क्रम कोण ठरवतं?

आजचा विषय वरवर छोटा वाटेल: ऑटोमेटेड बिल्डमध्ये कुठली पायरी आधी आणि कुठली नंतर. पण इथे गडबड झाली, तर टेस्टमध्ये नापास झालेलं ॲप थेट लोकांच्या मोबाइलवर पोचू शकतं.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी पटकन सांगतो. बिल्ड म्हणजे आपण लिहिलेल्या कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं. लायब्ररी डाउनलोड करा, कंपाइल करा, टेस्ट चालवा, पॅकेज बनवा, सर्व्हरवर टाका. कोड पुश केला की हे सगळं मशीन आपोआप करतं.

मग क्रम कसा सांगायचा? सोपा मार्ग म्हणजे एका स्क्रिप्टमध्ये एकाखाली एक ओळी लिहायच्या. चालतं की! पण त्यात 'काय कधी' एवढंच कळतं, 'का' ते कळत नाही. सहा महिन्यांनी चौथी ओळ वर नेली तर चालेल का, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता आपली सोलापुरी चादर घ्या. तिची नक्षी वरून छापलेली नसते, रंगवलेल्या सुतातूनच विणली जाते. म्हणून सूत रंगवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रंगलेल्या सुतातून उभा ताणा बीमवर चढतो आणि आडव्या बाण्यासाठी कांड्या भरल्या जातात. ही दोन कामं एकमेकांसाठी थांबत नाहीत, एकाच वेळी होऊ शकतात. नक्षीची जॅकार्ड कार्डं तर सूत रंगायच्या आधीही तयार करता येतात. माग मात्र तिन्ही गोष्टी आल्याशिवाय सुरू होत नाही.

बघा, इथे आपण एक, दोन, तीन असे नंबर दिलेच नाहीत. कुणाला काय लागतं एवढंच सांगितलं, क्रम आपोआप निघाला. यालाच डिपेंडन्सी म्हणतात. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये 'मेक' हे टूल लिहिलं, ते याच कल्पनेवर. प्रत्येक फाइलसाठी सांगायचं की ती कशापासून बनते. क्रम मेक लावतं, आणि जे बदललं नाही ते पुन्हा बनवत नाही.

खरी गंमत पुढे आहे. समजा, एका स्कीमा फाइलपासून थोडा कोड जनरेट होतो आणि तो कंपाइलला लागतो. हे नातं तुम्ही लिहिलंच नाही, फक्त यादीत जनरेट आधी आणि कंपाइल नंतर ठेवलं. मेक एकेक काम करत असेल तर यादी डावीकडून उजवीकडे घेतं, म्हणून सगळं हिरवं दिसतं. मग कुणीतरी वेग वाढवायला 'डॅश जे 4' देतं, म्हणजे चार कामं एकाच वेळी. आता कंपाइल आधी सुटू शकतं. कधी एरर येते, कधी येत नाही. त्याहून वाईट म्हणजे फोल्डरमध्ये जुनी जनरेट केलेली फाइल पडलेली असेल, तर बिल्ड पास होतं आणि चुकीचं ॲप बाहेर जातं.

गिटहब ॲक्शन्समध्येही हाच सापळा आहे. एका जॉबमधल्या स्टेप्स ओळीने चालतात, पण वेगवेगळे जॉब मुळातच एकाच वेळी सुरू होतात. 'टेस्ट'च्या खाली 'डिप्लॉय' लिहिलं म्हणून तो थांबत नाही! डिप्लॉयमध्ये 'नीड्स' लिहून टेस्टचं नाव द्यावं लागतं. मग टेस्ट नापास झाली की डिप्लॉय चालतच नाही. गिटलॅबमध्ये 'स्टेजेस' असतात: एका स्टेजमधले जॉब सोबत चालतात, ते पास झाले की पुढची स्टेज सुरू होते.

इथे एक फरक लक्षात ठेवा. कंपाइलला जनरेट केलेली फाइल लागते, म्हणजे ते नातं मालाचं आहे. डिप्लॉयला टेस्टकडून फाइल नको असते, फक्त होकार हवा असतो. चादरीची घडी घालून पॅकिंग करण्याआधी तपासणी होते ना, तसंच. मालाचं नातं विसरलं तर बहुतेक वेळा एरर येऊन कळतं. होकाराचं विसरलं तर काहीच तुटत नाही, म्हणून तेच जास्त धोक्याचं.

आणि भीतीपोटी प्रत्येक जॉब आधीच्याला बांधू नका. मग सगळी एकच रांग होते आणि पाच मिनिटांचं बिल्ड वीस मिनिटं घेतं.

आज तुमच्या प्रोजेक्टवर तीन गोष्टी करून बघा. एक, कोड नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये क्लोन करून बिल्ड चालवा. दोन, तेच समांतर चालवा, चार-पाच वेळा. तीन, प्रत्येक पायरीला विचारा: तुला कुणाचा माल हवा आणि कुणाचा होकार? उत्तर फाइलमध्ये लिहिलेलं नसेल, तर तुमचं बिल्ड सध्या नशिबावर चाललंय.

चला, भेटू पुढच्या भागात!