७६८ घरं आणि तीच सात माणसं

अथानासिओस त्सानास आणि अँजेलिकी झिफारा या संशोधकांचा २०१२ सालचा एक अभ्यास मशीन लर्निंग शिकणारे आजही सरावाला घेतात. त्यांनी संगणकात ७६८ घरं उभी केली. आकार बारा प्रकारचे, घनफळ मात्र सगळ्यांचं ७७१.७५ घनमीटर. हवामान अथेन्सचं. घर उबदार ठेवायला किती ऊर्जा लागेल, हे आधी सिम्युलेशननं काढलं. मग भिंती, छप्पर, उंची, काचा, दिशा अशा आठ गोष्टींवरून तेच उत्तर यंत्राला ओळखायला लावलं. ‘रँडम फॉरेस्ट’ पद्धतीत असंख्य निर्णयवृक्ष आपापला अंदाज देतात आणि त्या अंदाजांची सरासरी घेतली जाते. तिचं उत्तर जवळजवळ अचूक आलं.

पण या प्रत्येक घरात राहणारी माणसं सातच धरली होती, तीही बैठं काम करणारी. हीटर चालण्याचे तासही ठरलेले. जी गोष्ट बदललीच नाही, ती यंत्र शिकणार कशी?

आणि खरी मेख तिथेच आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात जवळजवळ एकसारखी घरं तपासली. शेजारशेजारच्या घरांच्या गॅसच्या खपात दुपटीचा फरक निघाला. भिंती त्याच होत्या, पण कुणी थर्मोस्टॅट चढवून ठेवतं, कुणी रिकाम्या खोल्या बंद करतं.

अख्ख्या शहराच्या मागणीचा अंदाज मात्र खूपच भरवशाचा असतो. डेन्मार्कमधल्या सुमारे दोन तृतीयांश घरांना डिस्ट्रिक्ट हीटिंगची, म्हणजे केंद्रातून नळांवाटे येणाऱ्या गरम पाण्याची ऊब मिळते. पाणी दूरच्या घरांपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून मागणी आधीच ओळखावी लागते. तापमान, वारा, ऊन, वार आणि तास एवढ्यावर मॉडेल ती बऱ्यापैकी सांगतं, कारण हजारो घरांत एकाची उधळपट्टी दुसऱ्याच्या काटकसरीत जिरते. अंदाज पक्का असला की पाणी गरजेपेक्षा जास्त तापवावं लागत नाही आणि वाटेत वाया जाणारी उष्णताही घटते. मशीन लर्निंगचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

एकट्या घराच्या बाबतीत मात्र, माझ्या मते, एकच आकडा छापणं चूक आहे. घर घेणाऱ्याला खर्चाची किमान आणि कमाल मर्यादा सांगावी, आणि तो राहायला आल्यावर त्याच्याच मीटरच्या नोंदींवरून ती दर हिवाळ्यात सुधारावी.