नगरसेवक आणि नागरिक

पहाटे नळाला पाणी येते. सफाई कामगार रस्ते झाडून जातात. सायंकाळी दिवे लागतात. शहरात राहणाऱ्या माणसाला या गोष्टी इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्या कोणी करतो, याची आठवण त्याला सहसा होत नाही. ती होते एखाद्या दिवशी नळ कोरडा राहिला, किंवा तुंबलेल्या गटाराचे पाणी उंबऱ्याशी आले म्हणजे! मग प्रत्येकजण विचारतो, “याला जबाबदार कोण?” या प्रश्नाचे उत्तर ज्याला द्यावे लागते, तो नगरसेवक होय.

पूर्वी नगरपालिकेच्या सभासदास ‘नगरपिता’ म्हणण्याची रीत होती. पुढे ‘नगरसेवक’ हा शब्द अधिक रूढ झाला. हा केवळ शब्दांचा पालट नव्हे. पिता आज्ञा करतो. सेवकाला जाब द्यावा लागतो. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचे खरे नाते या दुसऱ्या शब्दातच व्यक्त होते.

शहराचा कारभार कसा चालतो? निवडणुकीसाठी शहराचे प्रभाग पाडलेले असतात. मुंबईत एका प्रभागातून एक नगरसेवक निवडून येतो. राज्यातील इतर बहुतेक महानगरपालिकांत एका प्रभागातून एकाहून अधिक नगरसेवक निवडले जातात. हे सर्व मिळून महानगरपालिकेची सर्वसाधारण सभा बनते. कोणते काम आधी करावे व त्यासाठी किती पैसा खर्चावा, हे ठरविण्याचा अधिकार या सभेचा असतो. ठरलेले काम पार पाडण्याची जबाबदारी आयुक्त व त्यांच्या हाताखालील अधिकारी यांच्यावर असते. लहान शहरांतील नगरपरिषदेत हेच काम मुख्याधिकारी पाहतात. नगरसेवक स्वतः नळ दुरुस्त करीत नाही की रस्ता खणीत नाही. लोकांची गरज सभेपुढे मांडणे, कामाला मंजुरी मिळविणे आणि ते नीट झाले की नाही हे पाहणे, हे त्याचे कर्तव्य होय.

परंतु हे अर्धेच कर्तव्य झाले. लोकांचे म्हणणे सभेपर्यंत नेणे जितके आवश्यक, तितकेच सभेत काय घडले हे लोकांपर्यंत परत आणणेही आवश्यक असते. पहिले काम पुष्कळांना आवडते, कारण त्यात गौरव मिळतो. दुसरे मात्र अवघड असते. कारण कित्येकदा लोकांना ‘नाही’ असे सांगावे लागते.

अशी एक सभा डोळ्यांपुढे आणावी. प्रभागातील शाळेच्या दालनात रहिवासी जमले आहेत. बाहेर पाऊस कोसळत आहे. नगरसेविका बोलावयास उभ्या राहतात, तोच मागच्या रांगेतून एक वृद्ध बाई म्हणतात, “ताई, दर पावसाळ्यात आमच्या खोल्यांत पाणी शिरते. घरपट्टी आम्हीही भरतो ना?”

“भरता, आजी, आणि म्हणूनच तुम्हांला विचारण्याचा हक्क आहे,” नगरसेविका म्हणतात. “गटार उपसण्याचे काम याच आठवड्यात होईल. पण खरे दुखणे निराळे आहे. खालचा नळ अरुंद आहे. तो बदलल्यावाचून पाणी थांबणार नाही. यंदाचे अंदाजपत्रक मंजूर झाले, त्यात या कामासाठी रक्कम नाही. नळ यंदाच बदलेल, असे मी सांगितले तर ते खोटे ठरेल.”

सभेत कुजबूज सुरू होते. एक तरुण उठून विचरतो, “मग नाक्यावरच्या कमानीला पैसे कुठून आले?”

“आपल्या प्रभागाच्या वाट्याच्या रकमेतून,” नगरसेविका शांतपणे उत्तर देतात. “कमानीची मागणी आपल्यापैकीच काहींनी केली होती. तेव्हा सर्वांना बोलावून विचारावयास हवे होते, ते मी केले नाही. ही माझी चूक झाली. पुढच्या अंदाजपत्रकात आधी काय मागावे, ते आज सर्वांनी मिळून ठरवू.”

या उत्तराने त्या आजींच्या घरातील पाणी ओसरले नाही. तथापि पाणी का शिरते, ते कधी थांबू शकेल आणि त्यासाठी काय करावे लागेल, हे त्यांना कळले. पैसा मर्यादित असतो. एका कामावर तो खर्च झाला म्हणजे दुसरे काम मागे पडते. हे उघडपणे सांगितले तरच निवड करण्याचे काम लोकांच्या हाती राहते.

कमान आधी की गटार, हा प्रश्न नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनाही तो वेगळ्या रूपाने भेटला होता. 1876 साली सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणून नेमले. पुढे 1880 च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे-भेटीनिमित्त शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्च करावेत, असा ठराव सभेपुढे आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे जोतीरावांचे मत होते. व्हाइसरॉयच्या स्वागताला विरोध करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तरी जोतीरावांनी ठरावाविरुद्ध मत दिले, आणि ते मत एकट्याचेच ठरले. ठराव मंजूर झाला. पण ज्यांचा आवाज त्या दालनात कधी पोहोचत नव्हता, त्यांच्या वतीने बोलणारा एक तरी सभासद तेथे होता, याची नोंद इतिहासात राहिली.

जोतीराव सरकारनियुक्त सभासद होते. लोकांच्या मतांवर ते निवडून आलेले नव्हते. स्थानिक संस्थांत लोकनियुक्त सभासद अधिक असावेत, हे धोरण लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावाने मांडले. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदानाचा हक्क सर्वांना मिळाला. घटनेची 74 वी दुरुस्ती 1993 साली अमलात आली. दर पाच वर्षांनी निवडणूक, स्त्रियांसाठी राखीव जागा आणि तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या, अशा तरतुदी तिने केल्या. लोकांनी आपल्या भागातील कामे सुचवावीत व त्यांचा अंदाजपत्रकात विचार व्हावा, अशी पद्धत पुणे महानगरपालिकेने 2006 साली सुरू केली.

कायद्याने दार उघडले, तरी त्यातून ये-जा माणसांनीच करावयाची असते. मुंबई आणि पुणे येथील महानगरपालिकांची मुदत 2022 च्या मार्च महिन्यात संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळातही नळाला पाणी येत होते, रस्ते झाडले जात होते. परंतु आपण मत देऊन ज्याला पाठविले, त्याला गाठून “असे का?” म्हणून विचारण्याची सोय नागरिकांना उरली नव्हती.

जेथे नगरसेवक आहे, तेथे त्याला विचारणे हे नागरिकाचेही कर्तव्य आहे. केवळ निवडणुकीच्या दिवशी मत देऊन ते संपत नाही. तक्रार लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, सभेला उपस्थित राहावे आणि आपल्या गल्लीइतकाच शेजारच्या वस्तीचाही विचार करावा. ज्या घरात गटाराचे पाणी शिरते, त्या घरातील माणसाला प्रथम बोलू द्यावे. कारण मोठा आवाज नेहमीच मोठ्या गरजेचा असतो, असे नाही.

पूल दोन्ही काठांवर टेकलेला असतो, म्हणूनच त्यावरून जाता येते आणि परतही येता येते. नगरसेवक हा नागरिक आणि नगरपालिका यांमधील असाच पूल आहे. गाऱ्हाणे पलीकडे नेणे आणि खरे उत्तर, ते कडू असले तरी, अलीकडे आणणे, यातच त्याची सेवा आहे. त्या पुलाचा अलीकडचा काठ भक्कम ठेवणे मात्र नागरिकांच्याच हाती असते.