जुनी लाकडी यंत्रहोडी : ओळख आणि दुरुस्ती

आपल्या जोयडा तालुक्यात उगम पावणारी काळी नदी कारवारला समुद्रास मिळते. १९५२ च्या करारान्वये केरळात सुरू झालेला भारत-नॉर्वे मत्स्यप्रकल्प पुढे कारवारपर्यंत आला. अशा प्रयत्नांतून किनाऱ्यावर लाकडी यंत्रहोड्यांचा प्रसार झाला.

जुनी होडी आढळल्यास ती यंत्रासाठीच बांधलेली, की शिडाच्या होडीला मागाहून यंत्र बसविलेले, हे प्रथम पाहावे. मागाहून बसविले असल्यास पंख्याच्या दांड्याचे भोक जुन्या लाकडात नंतर पाडल्याच्या खुणा दिसतात.

मग लाकूड टोच्याने तपासावे. टोचा सहज रुतला, तर ते कुजले आहे. खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेले पावसाचे पाणी लाकूड लवकर कुजविते. म्हणून आतले कोपरे आधी पाहावेत.

कोरड्या होडीच्या फटी गच्च भरू नयेत. पाण्यात लाकूड फुगते, फळ्या एकमेकींना रेटतात व खिळे उपटतात. कापसाची वात बेतानेच ठोकावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साऱ्या फळ्या एकदम काढू नयेत. होडीला टेकू देऊन एक काढावी, तिच्याच मापाने नवी बसवावी, मग दुसरीला हात घालावा. अशा होड्यांचे नकाशे पुष्कळदा नसतातच. सुताराने नजरेने साधलेला आकार हाच नकाशा. तो एकदा मोडला की परत मिळत नाही.