धूमकेतूचे छायाचित्रण : गतीचा प्रश्न

धूमकेतू रात्रीच्या आकाशातून ‘जातो’ असे आपण म्हणतो खरे. परंतु तास-दोन तासांत डोळ्यांना जी हालचाल जाणवते, ती जवळजवळ सर्वस्वी पृथ्वीच्या परिवलनाची होय. विषुववृत्तीय बैठकीवर बसविलेला दूरदर्शक तिचे निराकरण करतो. त्यानंतर उरते ती धूमकेतूची स्वतःची गती, आणि छायाचित्रकाराची खरी अडचण तीच आहे.

त्सुचिनशान–ॲटलास हा धूमकेतू १२ ऑक्टोबर २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवर आला होता. त्या सुमारास तो ताऱ्यांमधून दिवसास अदमासे ५ अंश, म्हणजे सेकंदास ०.२ विकला सरकत होता. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ५ विकला व्यापीत असेल, तर २५ सेकंदांतच धूमकेतूचे शीर्ष एक पिक्सेल पुढे जाते. याहून दीर्घ उद्भासन घ्यावयाचे, तर पाठलाग कोणाचा करावयाचा हे आधी ठरविले पाहिजे. ताऱ्यांचा केल्यास धूमकेतू पुसट होतो. धूमकेतूचा केल्यास ताऱ्यांच्या रेषा होतात. (जुलै २०२० मधील निओवाइजच्या वेळी महाराष्ट्रातील बहुतेक निरीक्षकांचा हा प्रश्न पावसाळी ढगांनी परस्पर सोडविला!)

या निवडीत जे हातचे जाते, त्यालाही मोल असते. १८८२ च्या महाधूमकेतूची छायाचित्रे डेव्हिड गिल यांनी केप वेधशाळेत घेतली, ती एका स्थानिक छायाचित्रकाराचा कॅमेरा दूरदर्शकास बांधून. हवा होता धूमकेतू. पण काचांवर तारेच इतके उमटले की, त्यांतून दक्षिण आकाशाच्या छायाचित्रीय सूचीची कल्पना निघाली. काप्टाइन यांनी ग्रोनिंगेन येथे मोजणी करून सिद्ध केलेल्या त्या सूचीत ४,५४,८७५ तारे आहेत. उलट, १२ ऑक्टोबर १८९२ रोजी लिक वेधशाळेत बर्नार्ड हे श्रवण ताऱ्याजवळील आकाशगंगेचे चित्र घेत होते. त्या काचेवर एक धूसर रेघ आढळली. छायाचित्रावरून शोधला गेलेला तो पहिला धूमकेतू होय.

शीर्षाचा अचूक पाठलाग केला तरी सर्व काही स्थिर होत नाही, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. आयनपुच्छातील गाठी सौरवाताबरोबर शीर्षापासून दूर वाहत असतात. अशी एखादी गाठ सेकंदास ५० किलोमीटर वेगाने दृष्टिरेषेस लंब दिशेने जात आहे आणि धूमकेतू १५ कोटी किलोमीटरवर आहे असे धरल्यास, तासाभरात ती सुमारे ४ कला सरकेल. म्हणून पुच्छाची रचना अभ्यासावयाची असेल तर एकच लांब उद्भासन निरुपयोगी. अनेक आखूड उद्भासनेच घेतली पाहिजेत.

हल्ली अशी शेकडो चित्रे संगणकावर दोनदा जुळवितात, एकदा ताऱ्यांवर व एकदा शीर्षावर, आणि दोहोंच्या मेळातून सर्वच बिंबे रेखीव असलेले चित्र तयार होते. ते नेत्रसुखद असते. पण तसे आकाश कोणत्याही क्षणी नव्हते, आणि धूमकेतूचे स्थान त्यावरून मोजणे व्यर्थ. मोजणीसाठी मूळ चित्रे जपावीत व प्रत्येकाच्या उद्भासनाचा मध्यक्षण नोंदवावा. वरील गतीने पाहता घड्याळात एका मिनिटाची चूक म्हणजे स्थानात १२ विकलांची चूक.