जर्मन शिकायचे तर मराठीतून

जर्मन भाषा लवकरात लवकर कशी शिकता येईल, हा प्रश्न आमच्या वसईकडे आता कॉलेजच्या चार भिंतींबाहेरही विचारला जातो. विचारणारे हौशी नसतात. नर्सिंग झालेली मुलगी असते, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडलेला मुलगा असतो आणि त्यांच्यामागे आईबाप उभे असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून ही विचारपूस खेड्यांतल्या शाळांपर्यंत पोहोचली आहे. प्रश्न साधा दिसतो, पण त्यात पैसा गुंतलेला आहे. ‘तीन महिन्यांत जर्मन’ अशी पाटी वाचून कोणी दागिना मोडतो, कोणी पतपेढीचे कर्ज काढतो. तेव्हा उत्तर देणाऱ्याने जपून बोलले पाहिजे.

आधी हिशेब करू. युरोपात भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानतात : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. जर्मनीत नर्स म्हणून नोंदणी होण्यासाठी साधारणपणे बी-२ ही चौथी पायरी मागतात. तिथपर्यंत पोहोचायला अगदी आरंभापासून ४५ मिनिटांच्या सुमारे ६०० ते ८०० तासिका लागतात, असा जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे घड्याळाचे ४५० ते ६०० तास झाले. रोज तीन तास, आठवड्यातून सहा दिवस असा नेट धरला तरी पंचवीस ते तेहतीस आठवडे होतात. घरचा अभ्यास वेगळाच. रोज एकच तास देणाऱ्याला दीड ते दोन वर्षे धरून चाला. तीन महिन्यांत पहिली पायरी नीट होते, मेहनती विद्यार्थ्याची दुसरीही होते. त्यापुढचे कोणी कबूल करू लागला, तर पैसे देण्यापूर्वी त्याला हा हिशेब मांडून दाखवायला सांगावा.

राममनोहर लोहिया १९२९ च्या सुमारास बर्लिनला गेले, तेव्हा प्राध्यापकांना इंग्रजी येत नाही असे कळताच ‘तीन महिन्यांनी येतो’ म्हणून परतले आणि जर्मन शिकूनच पुन्हा दारात उभे राहिले, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडच्या इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० साली तिथल्या विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आल्या. ही माणसे बुद्धिमान होतीच. पण ती बर्लिनमध्ये राहत होती, पाव विकत घेतानाही त्यांना जर्मनच बोलावी लागे. आपण विरारच्या लोकलमध्ये बसून शिकणार. तेव्हा तास कमी होणार नाहीत. मात्र त्या तासांतले वाया जाणारे तास वाचवता येतील, आणि त्याची किल्ली आपल्या हातातच आहे. ती किल्ली म्हणजे मराठी.

आपल्याकडे जर्मन बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकवतात. मला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी जर्मनला बिचकतो तो दोन गोष्टींनी. एक, नामांची तीन लिंगे आणि दुसरी, विभक्ती. या दोन्ही गोष्टी मराठी मुलाला शाळेत शिकवलेल्या असतात, आणि त्याच्या जिभेवर तर शाळेत जाण्याआधीच बसलेल्या असतात.

आता हेच पाहा. आपले तो, ती, ते. जर्मनांचे डेर, डी, डास. इंग्रजीतून हा भेद गेला, हिंदीने नपुंसकलिंग सोडून दिले. मराठीने, कोकणीने, गुजरातीने ते राखले. जर्मनमध्ये पाऊस, वारा, मासा, चमचा हे ‘डेर’, म्हणजे पुल्लिंगी : डेर रेगेन, डेर विंट, डेर फिश, डेर लोफेल. रात्र, जीभ, सुई या ‘डी’ : डी नाख्ट, डी त्सुंगे, डी नाडेल. पाणी, घर, पुस्तक, मीठ, शेत, झाडाचे पान हे सारे ‘डास’ : डास वासर, डास हाउस, डास बूख, डास झाल्त्स, डास फेल्ट, डास ब्लाट. एवढे जुळलेले पाहून हुरळून मात्र जाऊ नये. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे, डी झोने. आपले दूध आणि वसईचे केळे दोन्ही तिकडे ‘डी’ होतात. जुळणे हा काही नियम नव्हे. पण लिंगाची जाणीव आपल्याला नव्याने शिकावी लागत नाही, हा मोठाच लाभ आहे. ‘तो पाणी’ ऐकले की आपला कान जसा दुखतो, तसा ‘डेर वासर’ ऐकून दुखू लागला पाहिजे.

यासाठी एक युक्ती सांगतो. वहीची दोन पाने समोरासमोर घ्यावीत. डाव्या पानावर मराठीशी लिंग जुळणारे शब्द, उजव्यावर न जुळणारे. डावे पान वाचून सोडावे, पाठांतर उजव्या पानाचे करावे. आणि शब्द कधीही एकटा लिहू नये. ‘वासर’ नव्हे, ‘डास वासर’. बिनलिंगाचा शब्द पाठ केला, तर तो पुढे पुन्हा एकदा पाठ करावा लागतो.

विभक्तीचेही तसेच. ‘स, ला, ते’ आपण घोकले आहे. जर्मनमध्ये विभक्ती चारच आहेत : प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. फरक इतकाच की आपण नामाच्या शेपटाला प्रत्यय लावतो, तर जर्मन मनुष्य बहुधा नामाच्या पुढचा ‘डेर, डी, डास’ बदलतो. मूल म्हणजे ‘डास किंट’, मुलाला म्हणजे ‘डेम किंट’. ‘मी मुलाला पुस्तक देतो’ हे ‘इश गेबे डेम किंट डास बूख’ होते. ज्या गुरुजींनी वर्गात कर्ता, कर्म आणि संप्रदान समजावले आहे, त्यांना या वाक्यात नवे काय वाटणार?

इंग्रजीच्या वळशाने काय होते, त्याचे एक उदाहरण पुरे. आपण म्हणतो, ‘मला थंडी वाजते.’ जर्मन मनुष्य म्हणतो, ‘मिर इस्ट काल्ट’. शब्दशः ‘मला थंड आहे’. मराठी माणसाने सरळ उचलले की झाले. पण विद्यार्थी आधी मनात इंग्रजी वाक्य करतो, ‘मी थंड आहे’, आणि मग ‘इश बिन काल्ट’ म्हणून मोकळा होतो. त्याचा अर्थ जर्मनाच्या कानाला ‘माझे अंग गार पडले आहे’ किंवा ‘मी भावनाशून्य आहे’ असा लागतो! ‘मला ते आवडते’ याचेही तसेच, ‘डास गेफेल्ट मिर’. आणि नर्सला दिवसातून पन्नासदा लागणारे वाक्य, ‘कुठे दुखते?’ : ‘वो टूट एस वे?’ दुखणाऱ्याला चतुर्थी लावण्याची ही रीत आपल्या घरची आहे.

आकड्यांत तर मौज आहे. सत्तावीस म्हणजे आधी सात, मग वीस. जर्मनही ‘सात-आणि-वीस’ असेच म्हणतो. इंग्रजी माध्यमातले पोर ऐकता ऐकता बहात्तर लिहून बसते. सत्तावीस ऐकत वाढलेल्याला सवय असते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आणली, तेव्हा केवढा वाद झाला होता, ते शिक्षकांना आठवत असेल. जर्मनीतही आकडे सरळ म्हणावेत असे सांगणारी मंडळी आहेत, पण अजून व्यवहार जुन्याच रीतीने चालतो. रुग्णाच्या रक्तदाबाचा आकडा कानाने ऐकून कागदावर उतरवायचा असतो, तेव्हा ही सवय कामाला येते.

घड्याळात मात्र एक खड्डा आहे. जर्मन ‘हाल्प ड्राय’ म्हणतो, शब्दशः अर्धा तीन. पण त्याचा अर्थ साडेतीन नव्हे, अडीच! तिसरा तास अर्धा झाला, असा त्याचा भाव. गंमत अशी, की आपला ‘अडीच’ हा शब्द संस्कृत अर्धतृतीय यापासूनच आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. ‘औट घटकेचे राज्य’ यातला औट म्हणजे साडेतीन, तोही अर्धचतुर्थ. जुन्या लोकांनी औटकीचे पाढे पाठ केले, ते याच हिशेबाचे. तेव्हा ‘हाल्प’ ऐकले की पुढच्या आकड्यातून अर्धा वजा करावा.

वाक्यरचनेत अर्धे आपले, अर्धे परके. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसते, हे नवे. ते घोकूनच जिरवावे लागते. पण ‘की’ आले, म्हणजे गौण वाक्य सुरू झाले, की क्रियापद शेवटी जाते, थेट मराठीसारखे. ‘इश वाइस, डास एर हॉइटे कोम्ट’ : मी जाणतो, की तो आज येतो. एकेक शब्द बोटावर मोजून पाहा.

उच्चारांची फार धास्ती नको. जर्मन स्पेलिंगला नियम आहेत, एकदा कळले की बहुतेक शब्द नीट वाचता येतात. रोमन लिपीतले शेवटचे अक्षर तिकडे ‘त्स’ वाजते, म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च. ‘ऊ’साठी ओठ करून आतून ‘ई’ म्हणावे, ‘ओ’साठी ओठ करून आतून ‘ए’ म्हणावे. दोन अवघड स्वर झाले. वर मी ‘इश’ असे लिहिले आहे, पण तो धड श नव्हे. लांब ‘ई’ म्हणता म्हणता जीभ न हलवता नुसती हवा सोडली, तर बरोबर येतो. हे कागदावर शिकवता येत नाही, कानानेच शिकायचे. डॉइचे वेले हे जर्मनीचे प्रसारण केंद्र सावकाश वाचलेल्या बातम्या देते, आणि ‘निकोस वेग’ हा पहिल्या तीन पायऱ्यांचा अभ्यासक्रम मोबाइलवर फुकट आहे. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. जाण्यायेण्यात जे तीन तास जातात, त्यांतला एक तास कानाला लावावा, आणि ऐकलेले वाक्य लगेच हळू आवाजात म्हणावे. शेजारचा प्रवासी दोन दिवस बघेल, मग बघणार नाही.

बोलण्याच्या रीतीविषयी एक सांगावेसे वाटते. जर्मनमध्येही तू आणि आपण हा भेद आहे, ‘डू’ आणि ‘झी’. गुरुजी ‘आले’ असे आपण आदराने अनेकवचनी बोलतो, तसेच ‘झी’चे क्रियापदही अनेकवचनी. पण आपण म्हाताऱ्या रुग्णाला मायेने ‘आजी’ म्हणतो, ते तिकडे अपमानाचे वाटू शकते. तिथे आडनाव घेऊन ‘फ्राउ अमुक’, ‘हेर अमुक’ असेच म्हणायचे.

सामवेदी, वाडवळी, आगरी किंवा वारली घरात बोलून शाळेत प्रमाण मराठी लिहिणाऱ्या मुलांना एका बोलीतून दुसरीत जाण्याचा सराव जन्मापासून असतो. शिक्षकांनी त्याचाच उपयोग करावा. जर्मन वाक्य फळ्यावर लिहिले, की त्याखाली शब्दाला शब्द लावून मराठी लिहून घ्यावे, आणि तिसऱ्या ओळीत मूल घरी ते कसे म्हणेल ते लिहू द्यावे. व्याकरणाच्या अनेक शंका त्या तीन ओळींतच फिटतात.

परीक्षेचे बोलायचे, तर मुंबईत काळा घोड्याजवळ आणि पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, तिथे गोएथे संस्थेच्या परीक्षा होतात. बी-१ आणि बी-२ या परीक्षांचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असून ते वेगवेगळे देता येतात. प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. एखादा भाग राहिला, तर तेवढाच पुन्हा द्यावा, सगळी फी पुन्हा भरण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या मुलांनी श्रवणाची तयारी सर्वांत आधी सुरू करावी. व्याकरण पाठ करून येते, पण कान तयार व्हायला महिने लागतात.