पाकोचा 'अरान्हुएथ' ऐकलाय का?

गिटार आणि ऑर्केस्ट्रा म्हटलं की पहिलं नाव येतं होआकिन रोद्रिगोच्या 'कॉन्सिएर्तो दे अरान्हुएथ'चं. वयाच्या तिसऱ्या वर्षी दृष्टी गेलेल्या या स्पॅनिश संगीतकाराने 1939 मध्ये ब्रेलमध्ये तो रचला. तो स्वतः गिटार वाजवत नसे, हे विशेष!

याची रेकॉर्डिंग्ज ढिगाने आहेत. माझं सगळ्यात लाडकं पाको दे लुसियाचं, 1991 चं. पाको हा फ्लामेंकोचा बादशहा, कानाने शिकलेला. स्वरलिपी वाचून वाजवणं ही त्याची वाट नव्हे. तरीही त्याने हा कॉन्सर्टो बसवला आणि कादाकेस ऑर्केस्ट्राबरोबर थेट श्रोत्यांसमोर वाजवला. खुद्द रोद्रिगो समोर बसलेले! संचालन एदमोन कोलोमेर यांचं.

सुरुवातीचे झंकार नीट ऐका. सहा मात्रांचे गट कधी तीन-तीन, कधी दोन-दोन असे फुटतात. शास्त्रीय वादकांकडे हा भाग पुष्कळदा फार सभ्य होतो. पाकोकडे त्याला धार येते.

आणि मग अदाजियो, म्हणजे संथ भाग. गिटार फक्त संथ कॉर्ड छेडत राहते आणि मूळ धून आधी इंग्लिश हॉर्न गातो. तीच धून गिटार अलंकार लावून पुढे नेते. गिटारचा आवाज मुळात नाजूक, म्हणून ती बोलू लागली की रोद्रिगो बाकीची वाद्यं विरळ करतो. शास्त्रीय गिटारवादक ज्यूलियन ब्रीमचा स्वर इथे जास्त गोलाई असलेला आहे, हे मान्य. पण तालात पाकोला तोड नाही.

हेडफोन लावून ऐका आणि तुमचं आवडतं रेकॉर्डिंग कोणतं, ते नक्की सांगा.