जुन्या लोखंडाला नवे हुकूम

सप्टेंबर 1952 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने एक मिलिंग मशीन चालवून दाखवलं. हँडलवर कोणाचा हात नव्हता. भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून हुकूम येत होते आणि टेबल, क्रॉस-स्लाइड व हेड त्यानुसार सरकत होते. आजच्या सीएनसी मशीनची वंशावळ या प्रात्यक्षिकापर्यंत मागे जाते. पण हे मशीन प्रयोगशाळेने मुळापासून घडवलेलं नव्हतं. सिनसिनाटी कंपनीचं, आधीपासून कारखान्यांत चालणारं हायड्रो-टेल घेऊन त्यावर नवे ड्राइव्ह आणि नवं नियंत्रण चढवलं होतं. भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये ज्याला ‘रेट्रोफिट’ म्हणतात, तेच हे काम.

हायड्रो-टेल मुळात नक्कल करणारं मशीन. नमुन्यावरून एक बोथट सुई फिरे. ती किंचित दबली की झडप उघडे, दाबाखालचं तेल स्लाइडला ढकले आणि कटर तोच आकार धातूत उतरवी. डाय बनवणाऱ्यांना हे वरदान होतं. अडचण एवढीच, की नमुना आधी कुणीतरी हाताने घडवावा लागे आणि त्यातली चूक जशीच्या तशी जॉबमध्ये येई.

मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीचे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याच्या छेदाचा आकार तपासायला लागणारं टेम्प्लेट मोजक्या 17 बिंदूंवरून आखलं जाई. मधली वळणं कारागिराच्या हातावर सोडलेली. पार्सन्सचे अभियंते फ्रँक स्ट्यूलन यांनी पंचकार्डाच्या यंत्रांवर गणित करून तब्बल 200 बिंदू काढले. मग मशीनवर तीन माणसं लागली: एक आकडे वाचणार, दुसरा एक चाक फिरवणार, तिसरा दुसरं. हे आकडे थेट मशीनलाच का देऊ नयेत, हा प्रश्न पार्सन्सनी त्यातूनच उचलला. 1949 मध्ये अमेरिकी हवाई दलाचं कंत्राट मिळालं आणि नियंत्रणाच्या कामासाठी ते एमआयटीकडे गेले.

एमआयटीने केलेली जोडणी प्रचंड होती. शेकडो व्हॅक्यूम ट्यूब, 175 रिले, कपाटंच्या कपाटं. पट्टीवरच्या भोकांचे विजेचे ठोके होत आणि प्रत्येक ठोक्याला स्लाइड अर्धा थाऊ, म्हणजे 0.0005 इंच सरके. स्लाइड खरंच कुठे पोचली याची खबर उलट नियंत्रणाकडे जाई, आणि फरक उरला तर तो भरून निघेपर्यंत ड्राइव्ह चालू राही. सर्व्होचं तत्त्व आजही हेच आहे. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात यंत्राचं मूळ लोखंड मात्र जुनंच राहिलं, आणि अभियंत्यांच्या शहाणपणाची खरी खूण हीच आहे. जड, स्थिर बेड तयार असताना तो पुन्हा ओतत बसण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. पार्सन्स-स्ट्यूलन यांना 1958 मध्ये पेटंट मिळालं. अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळायला 1985 उजाडलं.

आज हायड्रॉलिक फीडचं मिलिंग मशीन बदलायला घेतात तेव्हा कारणं रोजच्या कामातली असतात. सकाळचं थंड तेल दुपारी तापून पातळ होतं आणि फीडचा वेग बदलतो. सील गळतात, तेलात हवा शिरते, संथ फीडला स्लाइड अडखळत चालते. बॉलस्क्रू, एसी सर्व्हो मोटर आणि एन्कोडर आले की हे बरेचसे त्रास संपतात.

झीज मात्र संपत नाही. बेड बहुधा मधोमध जास्त घासलेला असतो, कारण काम तिथेच होतं. तिथे गिब आवळला तर टोकांना स्लाइड जाम होते. टोकांना जमवला तर मध्ये डुलते. स्क्रूमधली ढील नियंत्रणात आकडा भरून लपवता येते, पण डाउन मिलिंगमध्ये कटर टेबलाला ओढतो तेव्हा ती ढील पुन्हा प्रकट होते आणि जॉब बिघडतो. आणि बेडची झीज काढायला प्रशियन ब्लू लावून हाताने स्क्रेपिंग करणारा कारागीरच हवा. हे कसब जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत आणि रेट्रोफिटच्या दरपत्रकात त्यांच्या मजुरीलाच पहिली कात्री लागते, हे वाईट आहे.

तेल काढताना आणखी एक सावधगिरी हवी. हायड्रॉलिक पंप फक्त फीड देत नसतो. काही मशीनमध्ये तोच हेडचं वजन तोलतो, स्लाइड आवळतो, टूल सोडवतो. तोल धरणारा दाब काढून टाकला आणि उभ्या अक्षाला ब्रेक नसलेली मोटर बसवली, तर वीज जाताच हेड जॉबवर येऊन आदळेल. म्हणून अनुभवी माणसं फीडचे सिलिंडर काढतात, पण या कामांसाठी छोटा पॉवर पॅक ठेवतात.

शेडच्या कोपऱ्यात असं जुनं मशीन उभं असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी आणि ड्राइव्हचं दरपत्रक मागवण्याआधी डायल लावून बेड, स्लाइड आणि स्पिंडल मोजून घ्या. लोखंडाला तडा नसेल आणि झीज स्क्रेपिंगने निघणारी असेल, तर बेधडक रेट्रोफिट करा. स्क्रेपिंगला पैसे घालायचे नसतील, तर सर्व्होवरही घालू नका.